कोल्हापुरात राहून डिझाइनचं काम कसं उभं करायचं

कोल्हापुरातल्या कुठल्याही प्रिंटिंग प्रेसच्या काउंटरवर अर्धा तास उभं राहा. गिऱ्हाईक खुर्ची ओढून ऑपरेटरच्या शेजारी बसतं. "साहेबांचा फोटो जरा मोठा घ्या, नाव लाल करा, खाली सगळ्या पोरांचे फोटो आले पाहिजेत." तासाभराने फ्लेक्स तयार होतो आणि बिल होतं ते चौरस फुटाचं. डिझाइन फुकट. अप्लाइड आर्टची पदवी घेऊन आलेला मुलगा हे बघतो आणि पुण्याची बस धरतो.

तक्रार खरी आहे, पण ती त्या काउंटरपुरती. याच शहराच्या आजूबाजूला शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथल्या औद्योगिक वसाहतींमध्ये गाड्यांचे आणि पंपांचे सुटे भाग ओतले जातात, हुपरीत चांदी घडते, इचलकरंजीत कापड विणलं जातं, गुऱ्हाळांवर गूळ निघतो. या धंद्यांना डिझाइन लागतं. ते मागायचं कुणाकडे हे त्यांना माहीत नाही आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते मालकाच्या ऑफिसपर्यंत नेऊन दाखवता येत नाही. हा लेख त्या मधल्या अंतराबद्दल आहे. बारावीत असाल, कॉलेजात असाल किंवा प्रेसमध्ये ऑपरेटर म्हणून चार वर्षं काढली असतील, तरी वाट साधारण हीच.

पहिली पायरी : शहरात काम कुठे आहे ते हिंडून बघा

"ग्राफिक डिझाइनर पाहिजे" अशी जाहिरात शोधत बसू नका. त्या जाहिराती बहुतेक प्रेसच्या, क्लासेसच्या किंवा सोशल मीडियाची पोस्टं पाडून देणाऱ्या एजन्सींच्या असतात. एक आठवडा काढा आणि पुढचे भाग स्वतः पाहून या.

गुजरी (शहरातली सराफांची पेठ) आणि हुपरी. कोल्हापुरी साज, ठुशी, बोरमाळ हे गुजरीत दिसतं. पैंजण, जोडवी, करदोडे हे हुपरीत. इथे डिझाइनरचं काम दोन जागी आहे. एक, दागिन्याचा नमुना. पूर्वी तो हाताने काढून डाय (साचा) मारली जायची. आता संगणकावर त्रिमितीय मॉडेल करून थ्रीडी प्रिंटरवर मेणाचा नमुना काढतात आणि त्यावरून कास्टिंग, म्हणजे ओतकाम, होतं. राइनोसारखं सॉफ्टवेअर येणाऱ्या आणि दागिना किती ग्रॅममध्ये बसला पाहिजे हे कळणाऱ्या माणसाला इथे काम मिळतं. वजनाचं भान नसेल तर नमुना कितीही देखणा असो, कारागीर तो बाजूला ठेवतो. दुसरं काम कॅटलॉगचं. चकाकणाऱ्या चांदीचा फोटो धड काढणं हे वेगळंच कसब आहे.

इचलकरंजी. तिथे "डिझाइनर" म्हटलं की कापडाचा. डॉबी (नक्षीची वीण काढणाऱ्या) मागावर कोणते धागे कधी उचलायचे याचा आराखडा, म्हणजे पेगप्लॅन, लिहिणारा. वीण, रीड-पिक (उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी), रिपीट (नक्षी पुन्हा कुठे सुरू होते) याचं गणित समजलं पाहिजे. १९८२ साली सुरू झालेली डीकेटीई ही वस्त्रोद्योगाची संस्था इचलकरंजीतच आहे. चित्रकलेची बैठक आणि मागाची समज या दोन्ही गोष्टी एका माणसात क्वचितच असतात. ज्याच्यात असतील त्याने निदान या धंद्यात तरी पुण्याकडे बघायचं कारण नाही.

फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि मशीन शॉप. डिझाइनची पोरं इकडे फिरकतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी मोकळी जागा हीच. परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचं कंपनीचं माहितीपत्रक, प्रदर्शनातला स्टॉल, कास्टिंगचे फोटो आणि रेंडर (संगणकावर काढलेली हुबेहूब चित्रं), मशीनबरोबर द्यायची पुस्तिका, शॉपफ्लोअरवरचे सुरक्षेचे फलक, मशीनच्या स्क्रीनवरची बटणं. ही सगळी कामं आज कंपनीतला एखादा इंजिनिअर सवडीने पॉवरपॉइंटमध्ये उरकतो. मालकाला ते खटकत असतं. पण शहरात याला कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं.

सहकारी संस्था. बँका, पतसंस्था, साखर कारखाने, दूध संघ. प्रत्येकीचा वार्षिक अहवाल छापला जातो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून मे ते सप्टेंबर हा या कामाचा हंगाम. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, पोटनियम दुरुस्ती, संचालकांचे फोटो आणि त्या फोटोंचा मानापमानाचा क्रम. काम कंटाळवाणं वाटतं, पण पैसे ठरल्याप्रमाणे येतात आणि संस्था दरवर्षी परत येते. मराठीतली लांबलचक कोष्टकं इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुबक बसवणारा माणूस शहरात शोधून सापडत नाही.

चित्रनगरी आणि मालिका. मोरेवाडीच्या चित्रनगरीत आणि आसपासच्या गावांत चित्रीकरणं होतात. कला विभागात सेट, प्रॉपर्टी, रंगकाम, पोशाख यासाठी हात लागतात. या शहराला ते नवं नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, कॅमेरा स्वतः जोडला आणि पोस्टरंही रंगवली. त्यांच्याच कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली, म्हणजे पुण्याची बस धरण्याची परंपराही जुनीच! या विभागात शिरायचं तर पदवीपेक्षा ओळख आणि चौदा-चौदा तास उभं राहण्याची तयारी लागते.

दुसरी पायरी : एकच धंदा निवडा आणि त्यात शिरा

हिंडून झालं की एक निवडा. "आम्ही लोगोपासून वेबसाइटपर्यंत सगळं करतो" असं म्हणणारे शहरात ढीगभर आहेत आणि भाव त्यांच्यातच पडतो. गूळवाल्याला गुळाचं कळणारा डिझाइनर हवा असतो.

शिरायचं म्हणजे काय, ते चपलेवरून सांगतो. चपलांच्या कारागिरांच्या सुभाषनगरात जा. दुकानात नको, जिथे चप्पल बनते तिथे. कापशी आणि पुकरी या चपलेच्या प्रकारांत फरक काय, कान का असतात, वेणी कोण घालतं, गोंडा कुठे लागतो, तळाचे थर कसे शिवले जातात, वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेलं कातडं ओलं झाल्यावर कसं वागतं. चार कारागिरांशी बोललात की कळेल, नवा नक्षीदार पट्टा ही त्यांची अडचण नाही, असे पट्टे ते तुमच्यापेक्षा चांगले काढतात. अडचणी वेगळ्याच आहेत. ऑनलाइन विकताना मापं चुकतात आणि माल परत येतो. नव्या गिऱ्हाइकाला चप्पल पहिले काही दिवस कशी वापरायची, पाण्यापासून कशी जपायची हे कुणी सांगत नाही. पिशवी आणि खोका सगळ्यांचा सारखाच. हाताने बनवलेली आणि यंत्रावर काढलेली चप्पल शेजारी ठेवली तर फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही.

या प्रत्येक अडचणीत डिझाइनचं एकेक काम दडलंय : घरी छापून पाय ठेवता येईल असा मापाचा तक्ता, खोक्यात घालायचं काळजीपत्र, दोन-तीन मापांत बसणारा खोका, कारागिराचं नाव आणि प्रकार सांगणारा टॅग. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच त्या नावाचा हक्क) मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. म्हणजे कुणाच्याही टॅगवर मानांकनाचं चिन्ह टाकून चालत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असलेल्यालाच ते टाकता येतं, आणि टॅग करण्याआधी गिऱ्हाइकाला नोंदणीबद्दल विचारायचं काम तुमचं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये अशाच चपला दाखवल्या, आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही आणि टीका झाल्यावर मूळ मान्य केलं. त्या गदारोळात देशभरातून लोक "खरी कुठे मिळेल" म्हणून शोधायला लागले. शोधणाऱ्याला दाखवायला नीट फोटो, नीट माहिती आणि नीट टॅग किती जणांकडे तयार होता, हा प्रश्न सुभाषनगरात जाऊन विचारण्यासारखा आहे.

तिसरी पायरी : शिक्षणाचं काय?

थोडक्यात सांगतो, कारण यावर माहिती भरपूर मिळते. शाळेत असाल तर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा द्या. बारावीनंतर राज्यातल्या बीएफएसाठी (ललित कलेची पदवी) राज्य सीईटी कक्षाची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा. बी.डिझाइनसाठी यूसीड, ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते आणि कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. एनआयडीसाठी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी, डॅट ही परीक्षा, पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत. कोल्हापुरातच शिकायचं तर कलानिकेतन महाविद्यालय आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट ही दोन जुनी नावं आहेत.

एनआयडी किंवा आयआयटी मिळत असेल तर डोळे मिटून जा. मिळत नसेल तर लाखो रुपये फी घेणाऱ्या, कालपरवा उघडलेल्या खासगी डिझाइन स्कूलपेक्षा इथलं साधं कॉलेज आणि सोबत दुसऱ्या पायरीतला धंदा, हा सौदा मला बरा वाटतो. प्रवेशाआधी एक गोष्ट करा : गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या तीन विद्यार्थ्यांना भेटा आणि ते आज काय करतात ते विचारा. माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका.

चौथी पायरी : इथे चालणारी हत्यारं

सॉफ्टवेअर शिकणं हा भाग सोपा. प्रेसमध्ये कोरलड्रॉ चालतं, बाहेरच्या कामाला इलस्ट्रेटर आणि फिग्मा लागतं, पानांच्या कामाला इनडिझाइन. बाहेरच्या पोरांना जे येत नाही आणि इथे रोज लागतं, अशा तीन गोष्टींवर मात्र वेळ घालवा.

एक, देवनागरी. आजही कितीतरी संस्थांचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये येतो. तो युनिकोडमध्ये बदलताना रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे फुटतात ते डोळ्यांनी पकडायची सवय लागते. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा ल आणि श आहे की हिंदी वळणाचा, ते बघा. मुक्त, बालू, टिरो देवनागरी मराठी असे चांगले फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्यासह फुकट मिळतात, त्यामुळे चोरीचे फॉन्ट वापरायला निमित्त उरत नाही. मात्रा आणि उकार यांच्यामुळे देवनागरीत दोन ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवावं लागतं. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी ओतलेली पत्रकं कोंदट दिसतात ती याच कारणाने.

दोन, छपाई. एखाद्या ऑफसेट प्रेसमध्ये महिनाभर फुकट काम करायची वेळ आली तरी करा. २३ बाय ३६ इंची कागदात तुमचं काम किती नग बसतं, पत्रकाची रुंदी अर्ध्या इंचाने कमी केली तर कागद किती वाचतो, चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) का सोडायचा, काळा मजकूर चार रंगांत गेला तर काय घोळ होतो, पंचिंगची (ठरावीक आकारात कापायची) डाय कशी बनते, कुठल्या जीएसएमच्या (वजनाच्या) कागदाला घडी घातली की तडा जातो. मालकाला कागदाचा खर्च वाचवून दाखवलात की तुमच्या फीवरची घासाघीस आपोआप कमी होते.

तीन, लेबलाचे नियम. हे नीट शिकलात तर नुसत्या एवढ्यावर पोट भरेल. गूळ, काकवी, मसाला, लोणचं असं काहीही पाकिटात विकायचं म्हटलं की दोन कायदे लागू होतात : वैधमापनशास्त्राचे (वजन-मापं विभागाचे) २०११ चे आवेष्टित वस्तू नियम आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे लेबलिंगचे नियम. पाकिटावर काय काय हवं, याची एक यादी करून भिंतीला लावा :

- पदार्थाचं नाव, उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता
- निव्वळ वजन, ठरलेल्या उंचीच्या अंकांत
- सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो अशी एकक किंमत
- उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक, वापराची मुदत
- तक्रारीसाठी नाव, फोन, ईमेल
- एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, चिन्हासह
- घटकांची उतरती यादी, पोषणमूल्यं, ॲलर्जीची सूचना
- शाकाहारासाठी चौकोनात हिरवा ठिपका

यात एक मेख आहे आणि ती भल्याभल्यांना माहीत नसते. ही बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते. मराठी जरूर घाला, पण फक्त मराठीत छापलं तर चालत नाही. हजारो पाकिटं छापून झाल्यावर निरीक्षकाने ती अडवली तर मालक तुमचं तोंड पुन्हा बघणार नाही. आणि छपाईआधी ही चूक तुम्ही दाखवून दिलीत, तर पुढचं प्रत्येक पाकीट तुमच्याकडेच येईल. कोल्हापुरी गुळालाही २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा चपलेच्या टॅगबद्दल सांगितलेली खबरदारी इथेही घ्या.

पाचवी पायरी : कामाशिवाय पोर्टफोलिओ (दाखवायच्या कामांचा संच)

मोठ्या ब्रँडचे लोगो "पुन्हा डिझाइन" करून टाकू नका. कुणालाही त्याचं काही वाटत नाही. निवडलेल्या धंद्यातले तीन प्रकल्प करा, पण खऱ्या अडचणीवर. उदाहरणार्थ, एका गुऱ्हाळाचं एक किलोच्या गुळाचं पाकीट घ्या. आधीचं पाकीट विकत आणा, त्यात नियमाच्या किती गोष्टी राहिल्यात ते लिहा, दुकानात ते कुठल्या फळीवर कुणाच्या शेजारी असतं त्याचा फोटो काढा, मग नवं पाकीट करा, खरं छापून घ्या आणि त्याच फळीवर ठेवून पुन्हा फोटो काढा. छपाईचा खर्च किती आला तोही लिहा. असा एक प्रकल्प पन्नास पोस्टरांपेक्षा वजनदार ठरतो.

बिहान्स या डिझाइनरांच्या वेबसाइटवर टाकायचं ते टाका. पण फाउंड्रीचा मालक बिहान्स उघडत नाही. त्याच्यासाठी आठ पानांची, व्हॉट्सॲपवर जाईल एवढ्या आकाराची मराठी पीडीएफ ठेवा, आणि छापील नमुने पिशवीत घेऊन जा. हातात वस्तू दिली की बोलणं बदलतं. एआयने काढलेली चित्रं पोर्टफोलिओत असतील तर तसं स्पष्ट लिहा. मालकाचा भाचाही आता फोनवर दोन मिनिटांत चित्र काढतो, तेव्हा तुमची किंमत चित्रात कमी आणि डाय, कागद, नियम, फळी यांच्या समजेत जास्त आहे.

एक सावधगिरी. चप्पल, दागिना, भांडं असा वस्तूचा नवा आकार किंवा नक्षी तुम्ही केली असेल आणि ती नोंदवायची असेल, तर इन्स्टाग्रामवर टाकायच्या आधी नोंदवा. डिझाइन कायदा २००० प्रमाणे आधीच प्रसिद्ध झालेलं डिझाइन नोंदवता येत नाही. नोंदणी झाली की १० वर्षं संरक्षण मिळतं आणि ते आणखी ५ वर्षं वाढवता येतं.

सहावी पायरी : पहिलं गिऱ्हाईक

ईमेल पाठवून वाट बघत बसू नका. इथे माणूस समोर लागतो. ओळखीने जा, कोल्हापुरात कुणाचा ना कुणाचा पाव्हणा त्या धंद्यात असतोच. गेल्यावर "काही काम असेल तर सांगा" म्हणू नका. त्यांचं सध्याचं माहितीपत्रक किंवा पाकीट आधीच मिळवा आणि त्यातली एकच गोष्ट दाखवा : "साहेब, यावर एकक किंमत नाही", किंवा "जर्मनीला हे पत्रक जातं, पण कास्टिंगचं वजन आणि ग्रेड कुठेच दिसत नाही." एवढं बोलून चहा घ्या आणि उठा. बऱ्याच वेळा फोन त्यांचाच येतो. नाही आला तर पंधरा दिवसांनी तुम्ही करा.

पहिलं काम लहान घ्या. वेबसाइट, कॅटलॉग, पाकीट सगळं एकदम घेतलं की सगळंच रेंगाळतं. नातेवाइकांचं काम घ्यायचंच असेल तर फुकट करा किंवा पूर्ण पैसे घ्या. अर्ध्या पैशात केलेल्या कामाने नातंही बिघडतं आणि बाजारातला तुमचा भावही ठरून जातो. निवडणुकीचं काम आलं तर रोख आणि आधी. निकालानंतर हरलेला उमेदवार सापडत नाही आणि जिंकलेला भेटत नाही.

सातवी पायरी : दर, कोटेशन, ॲडव्हान्स

"लोगोचे किती?" याला बाजारभाव सांगून उत्तर देऊ नका, स्वतःचं गणित मांडा. समजा, घरखर्चाला महिना ३०,००० रुपये लागतात आणि सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट, लॅपटॉपची घसारा रक्कम मिळून ८,०००. एकूण ३८,०००. महिन्याला २०० तास काम कराल, पण त्यातले निम्मे भेटीगाठी, फोन, प्रेसच्या फेऱ्या यांत जातात. म्हणजे बिल लावता येईल असे १०० तास. ताशी ३८० रुपये पडले. आजारपण आणि बुडीत बिलं धरून त्यावर वीसेक टक्के चढवा, साधारण ४५० झाले. गुळाच्या पाकिटाला संशोधनापासून छपाईपर्यंत २० तास लागणार असतील तर ९,००० च्या खाली उतरू नका. आकडे तुमचे वेगळे असतील, पण रीत हीच. ताशी दर गिऱ्हाइकाला कधीच सांगू नका. कामाचा आकडा सांगा.

कोटेशन एका पानाचं, मराठीत, लेखी. त्यात काय देणार, किती दिवसांत, किती वेळा बदल करून देणार (दोन फेऱ्या पुरेत), तिसऱ्या फेरीपासून किती जादा, मजकूर आणि फोटो कुणी द्यायचे, छपाईवर देखरेख धरली आहे की वेगळी, हे सगळं यावं. पन्नास टक्के ॲडव्हान्स, पसंती झाल्यावर तीस, अंतिम फाइल देण्याआधी उरलेले वीस. ॲडव्हान्स मागितल्यावर "विश्वास नाही का आमच्यावर?" हे वाक्य येतंच. हसून सांगा, "विश्वास आहे म्हणूनच पन्नास, नाहीतर शंभर मागितले असते." कोल्हापूरकराला हजरजबाबीपणा कळतो.

आणि "सीडीआर द्या की!" ही मागणी. सीडीआर म्हणजे कोरलड्रॉची ओपन, बदलता येणारी फाइल. ओपन फाइलची किंमत कोटेशनमध्येच वेगळी लिहा. ती न लिहिता दिलीत, तर पुढच्या वर्षी तीच फाइल प्रेसच्या काउंटरवर फुकटात बदलून छापली जाईल.

आठवी पायरी : कागदपत्रं

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे, तुम्ही नोकर नसून स्वतंत्रपणे काम करत असाल, तर लोगो किंवा पाकिटाच्या कलाकृतीचे पहिले मालक साधारणपणे तुम्हीच. गिऱ्हाइकाला हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत असं धरलं जातं. अपवाद आहे : पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट यांची मालकी वेगळं ठरलं नसेल तर काढून घेणाऱ्याची. "पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील" ही एक ओळ कोटेशनमध्ये टाका. ती ओळ असली की वसुलीच्या फोनची संख्या कमी होते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे, तेव्हा त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. तिचा खरा फायदा वसुलीत आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ पासून असं वेळेत न दिलेलं बिल प्रत्यक्ष दिल्याशिवाय कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मालक तुमचं ऐकणार नाही, पण मार्चमध्ये त्याच्या सीएचं ऐकतो. तरीही नाही दिले तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. ते शेवटचं हत्यार. एकदा उपसलं की ते गिऱ्हाईक गेलं.

सेवांसाठी जीएसटी नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला त्यात अडकू नका. मोठी कंपनी तुमच्या फीमधून १० टक्के टीडीएस कापेल. एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर फी गेली की तो कापला जातो. हे पैसे बुडालेले नसतात. पॅन द्या, विवरणपत्र भरा, कर तेवढा होत नसेल तर परत मिळतात. दरवर्षी हे पैसे सोडून देणारी डिझाइनर मंडळी मी पाहिली आहेत.

कर्ज काढून ऑफिस थाटायचं का? जिल्हा उद्योग केंद्रात सरकारी कर्ज-अनुदान योजनांची माहिती मिळते आणि प्लॉटर, थ्रीडी प्रिंटर असं यंत्र घ्यायचं असेल तर तिकडे जरूर चौकशी करा. पण राजारामपुरीत काचेचं केबिन आणि एसी यासाठी पहिल्या वर्षी हप्ता मागे लावून घेऊ नका. हप्ता भरायला फ्लेक्सची कामं घ्यावी लागतात आणि माणूस पुन्हा काउंटरवर येऊन बसतो.

बाहेरची कामं आणि वर्षाचं गणित

पुण्या-मुंबईची किंवा परदेशातली कामं घरबसल्या मिळतात आणि ती घ्यावीत, विशेषतः ॲप आणि वेबसाइटची. फक्त सगळा डोलारा एकाच परदेशी गिऱ्हाइकावर उभा करू नका. त्याचं बजेट एका ईमेलने संपतं. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं इथली कामं जास्त, मग हळूहळू बाहेरची. इथे शिकलेलं लेबल, कागद, कातडं, चांदी हे भांडवल बाहेर उपयोगी पडतं. उलट दिशेने ते तितकंसं होत नाही.

इथली कामं हंगामाने येतात, तेव्हा वर्षाची मांडणी आधीच करून ठेवा. मे ते सप्टेंबर सहकारी संस्थांचे अहवाल. गणपती ते दिवाळी दागिने, चपला, कापड यांच्या जाहिराती आणि खोके. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात, पण गुळाच्या पाकिटाचं काम ऑगस्टमध्येच धरावं लागतं, कारण डाय आणि छपाईला वेळ लागतो आणि दिवाळीच्या तोंडावर एकही प्रेस रिकामी नसते. डिसेंबरात कॅलेंडरं आणि डायऱ्या. मार्च-एप्रिलमध्ये शहर सुस्तावतं, मालक हिशेबात गुंतलेले असतात, नवीन काम कुणी देत नाही. थकलेली बिलं वसूल करायची ती मार्चमध्येच, ३१ तारखेच्या आधी. आणि पोर्टफोलिओतला पुढचा प्रकल्प करायला वेळ मिळतो तो एप्रिलमध्ये.